दीड हात ढील

हौसराव भोयाला कुणी विचारलं, की आप्पा, तुम्हाला पोहता येतं का, तर माशाला कुणी आंघोळ करतोस का म्हणून विचारावं तसा तो त्या माणसाकडे बघायचा. वय त्रेसष्ट. अंगकाठी वल्ह्यासारखी, लांब आणि कोरडी. वडगाव रासाईच्या अंगाला भीमेवर त्याची होडी चालायची. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. पूल आहे, नाही असं नाही, पण पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो. पलीकडच्या रानात खुरपायला निघालेल्या बायांना तो वळसा कसा परवडावा? होडीनं सात मिनिटांत माणूस तालुका बदलतो. बाया, दुधाच्या किटल्या, एखादी सायकल, एखादं करडू, हे सगळं घेऊन हौसराव दिवसाला पंधरा फेऱ्या मारी. पोरगा पप्पू रांजणगावला कंपनीत लागला होता आणि होडीत पाय ठेवायला तयार नव्हता, तेव्हा घरात उरली ती दोघंच, तो आणि तुळजाबाई.

होडी चालवण्याचा त्याला फारसा अभिमान नव्हता. अभिमान होता तो होडी बांधण्याचा. "वल्हं काय, कुणीबी हानंल," तो म्हणायचा. "सांच्याला होडी बांधून घरी गेल्यावर ज्याला झोप लागती, त्यो खरा नावाडी."

आणि त्याचं खोटं नव्हतं. त्याच्या बापाच्या काळी होडी काठावरच्या बाभळीला बांधायचे. काठ उतरता, माती मऊ. पाणी चढलं तर होडी वर सरकायची, उतरलं तर चिखलात बसायची. बांधणाऱ्याच्या अकलेची परीक्षा नव्हती. सहा वर्षांपूर्वी तिथं सिमेंटचा धक्का झाला. सरळ उभी भिंत, बाजूला पायऱ्या, वर लोखंडी कड्या, होडी घासू नये म्हणून टांगलेले जुने टायर. फोटोत धक्का झकास दिसायचा, पण सरळ भिंतीला होडी बांधणं हे अवघड काम. दोर आखूड ठेवला आणि पाणी खाली गेलं, तर होडी कडीला लटकते. दोर लांब ठेवला आणि पाणी जागेवरच राहिलं, तर होडी झुलत राहते आणि रात्रभर भिंतीवर अंग घासून फळ्या सोलून घेते. म्हणजे ढील किती ठेवायची, हा रोजचा प्रश्न.

आता पाणी वर-खाली का व्हावं? खाली केटीचा, म्हणजे कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा आहे, त्यानं अडवून धरलेलं हे तुंबाऱ्याचं पाणी. फाल्गुन लागला की वरून येणारं पाणी तुटतं, आणि काठावर ओळीनं बसलेल्या मोटारी उरलेलं ओढतात. मोटारी चालतात थ्री फेजवर, आणि थ्री फेज येते वेळापत्रकानं, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या लाइटीचा आठवडा असला की नदी रात्रीतून वीतभर, कधी हातभर उतरते. म्हणून हौसरावाचा नेम ठरलेला होता: रात्रीची लाइट असेल तर दोराला दीड हात ढील, दिवसाची असेल तर वीतभर. स्वतःची गुंठाभर जमीन नसलेला हा माणूस लाइटीचं वेळापत्रक बागायतदारांपेक्षा चोख पाठ ठेवी. सहा वर्षांत त्याची होडी एकदाही लटकली नाही की घासली नाही.

यंदा मार्चमध्ये होडीची परवानगी नवी करून घ्यायची होती. पंचायत समितीचे साहेब अठरा तारखेला येऊन होडी तपासणार होते. फळी फुटलेली दिसली, पाणी गळताना दिसलं, तर परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणजे होडी बंद. त्रेसष्टाव्या वर्षी त्याला दुसरं कोण काय काम देणार? म्हणून त्यानं होडीला डांबर लावलं, वरच्या बाजूच्या फळ्या बदलल्या, आणि अठरा तारखेपर्यंत तिला ओरखडाही येऊ द्यायचा नाही असं मनाशी ठरवलं.

आणि नेमकं त्याच पंधरवड्यात कुणीतरी त्याच्या दोराला हात लावू लागलं.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपणच चुकलो. दिवसाच्या लाइटीचा आठवडा होता, आदल्या संध्याकाळी त्यानं वीतभर ढील ठेवून सुरगाठ मारली होती. सकाळी येऊन बघतो तर दोर चांगला दीड हात सोडलेला, आणि होडी धक्क्यापासून दूर डुलतेय. वय झालं की हाताला विसर पडतो, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या संध्याकाळी त्यानं गाठीच्या पोटात काडेपेटीतली एक काडी खोचली आणि घरी गेला. सकाळी काडी पायरीवर पडली होती.

त्या क्षणापासून हौसरावाची झोप गेली. संशय हा असा पाहुणा आहे, की त्याला बसायला पाट दिला की तो जेवल्याशिवाय उठत नाही. धक्क्यावर येणारा जो तो त्याला चोर दिसू लागला. मासे धरायला येणारी पोरं? ती दोर सोडतील, पण परत बांधतील कशाला? पलीकडून येणारा दूधवाला? तो तर अंधार पडायच्या आत घरी जातो. बरं, चोरी करायची तर होडी घेऊन जावी. ही कसली चोरी, की रोज दोर सैल करायचा आणि पुन्हा नीट बांधून जायचं? मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. होडी पळवायचीच नाही! होडी भिंतीवर घासून घासून तिच्या फळ्या काढायच्या आहेत! अठरा तारखेला साहेबानं बघितलं की फळ्या गेलेल्या, की झालं.

त्यानं वाकून फळ्यांवरून हात फिरवला. एक ओरखडा नव्हता. पण संशयी माणसाला ओरखडा नसणं हाही पुरावाच वाटतो. त्याला वाटलं, आज नाही तर उद्या पडेल.

"कुणाला काय पडलंय तुमच्या होडीचं?" तुळजाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "दोर ओला झाला आसंल, सरकला आसंल."

"ओला दोर काडी काढून पायरीवर ठिवतो व्हय?"

 नवऱ्याच्या डोक्यात किडा शिरला की तो भाकरीनंही बाहेर येत नाही, हे तिला चाळीस वर्षांत कळलं होतं. ती पुढची भाकरी थापायला लागली.

हौसराव आता गाठीकडे बघायला लागला. तो स्वतः सुरगाठ मारी, एक टोक ओढलं की सुटणारी. सकाळी सापडायची ती गाठ वेगळी होती. आधी दोन वेढे, मग एक आडवा फास, आणि टोक परत वेढ्याखाली दाबलेलं. घट्ट, नेटकी, घाई न केलेली. नदीवरच्या कुणाच्या हातची ती गाठ नव्हती. तीन दिवस ती गाठ त्याच्या डोळ्यांपुढे होती. आणि चौथ्या दिवशी ती त्याला दिसली, साहेबरावाच्या सायकलच्या कॅरियरवर. घासाचा भारा बांधलेला, दोन वेढे, आडवा फास, टोक खाली दाबलेलं.

साहेबराव आणि हौसराव शाळेतले. चौथीपर्यंत एका पाटीवर, म्हणजे हौसरावाकडे पाटी नव्हती म्हणून साहेबरावाच्या पाटीवर. पुढे साहेबराव शिकला, रेल्वेत लागला, पस्तीस वर्षं दौंड जंक्शनला पॉइंट्समन म्हणून राहिला. कुठली गाडी कुठल्या रुळावर जायची, ते रूळ वळवणारा माणूस. चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन बायकोला, अंजनाला घेऊन गावी आला, बौद्धवाड्यात स्लॅबचं घर बांधलं. मुलगी गौतमी पलीकडच्या तीरावरच्या गावात दिलेली, तिची दोन एकर जमीन, ऊस आणि कांद्याची. तिच्याकडे जायला साहेबराव दिवसाआड हौसरावाच्या होडीत असायचा. पहाटे साडेपाचला धक्क्यावर फेरी आणि रात्री जेवून शतपावलीलाही धक्काच, ही ड्युटीची सवय त्याची सुटली नव्हती. गावात "हौश्या" म्हणून हाक मारणारा तो एकच माणूस उरला होता.

आणि तोच निघाला होय? आता हौसरावाला एकेक आठवू लागलं. महिन्यापूर्वी भरल्या होडीत हाच म्हणाला होता, "हौश्या, पलीकडं औंदा लई मोटारी झाल्यात. गौतमी म्हनत हुती, त्यांची लाइट आपल्या उलटी असती. तुझा दोर जरा बघत जा."

तेव्हा हौसराव म्हणाला होता, "सायबा, गाडी रुळावर चालती. नदीला रूळ नसत्यात." होडीतल्या बाया खो खो हसल्या होत्या. साहेबरावही हसला होता. म्हणजे दोराचा विषय यानंच काढला होता! आधी विषय, मग दोर. केवढा बेरकी माणूस!

एवढ्यावर भागलं असतं, पण धक्क्यावर माऊलीची चहाची टपरी होती. माऊली चाळिशीचा, गोड बोलणारा, आणि आगीत तेल ओतायला कायम हातात किटली घेऊन उभा. हौसरावानं नाव न घेता विचारलं, तर तो म्हणाला, "आप्पा, मला काय म्हाईत न्हाई हां. पर सायेबरावाच्या पुतन्यानं, सुमितनं, तालुक्याला कसला तरी अर्ज टाकलाय. लोकं म्हनत्यात, फायबरची होडी घेनार हाय. इंजानाची."

संपलं. ही होडी बाद झाली की ठेका सुमितला. हौसराव त्या दिवसापासून साहेबरावाला पाण्यात बघू लागला. साहेबराव होडीत बसला की हा दुसरीकडे तोंड करी. त्यानं तंबाखू पुढे केली तर "दात दुखतोय" म्हणे. साहेबरावानं दोनदा विचारलं, "काय झालं रं?" हौसराव म्हणाला, "काय व्हायचंय?" असं म्हणणाऱ्याला खूप काही झालेलं असतं, हे साहेबरावाला कळलं असणार.

मधला आठवडा रात्रीच्या लाइटीचा गेला. हौसरावानं स्वतःच दीड हात ढील ठेवली, आणि त्या आठवड्यात दोराला कुणी शिवलं नाही. पुढच्या आठवड्यात लाइट पुन्हा दिवसाची झाली, त्यानं ढील वीतभर केली, आणि त्याच रात्री गाठ बदलली. जरा शांत डोक्यानं विचार केला असता, सकाळी भिंतीवरची उतरलेल्या पाण्याची ओली खूण बघितली असती, तर इथंच सगळं उलगडलं असतं. पण शांत डोकं आणलं कुठून? त्याला एवढंच दिसलं, की चोर माझ्यावर पाळत ठेवून आहे.

सतरा तारखेला, म्हणजे साहेब यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, माऊलीच्या टपरीवर सात-आठ माणसं होती. साहेबराव बाकड्यावर चहा पीत होता. हौसराव होडी लावून वर आला, आणि कुणाकडेच न बघता मोठ्यानं म्हणाला, "आमच्या दोराला रेल्वेची गाठ कोन मारतंय, ते आमाला समजलंय म्हनावं."

साहेबरावानं कप खाली ठेवला. "मी मारतोय," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. "आरं हौश्या, रातचं पानी उतरतंय, पलीकडची..."

"पानी मला सांगू नगंस!" हौसराव ओरडला. पंधरा दिवस दाबून ठेवलेलं एकदम वर आलं. "पुतन्याला होडी पायजे तर सरळ तोंडानं माग की! का आता नदीवरबी तुमच्या लोकांचा डोळा हाय?"

तुमच्या लोकांचा. शब्द तोंडातून गेला आणि हौसरावाला स्वतःलाच तो ऐकू आला. पन्नास-पंचावन्न वर्षांत तो या माणसापुढे कधी आला नव्हता. होता मात्र आतच कुठंतरी, नाहीतर इतक्या पटकन सापडला कसा?  माऊली भांडी विसळायला लागला. साहेबराव उठला, सायकल घेतली, आणि अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेला.

चूक कळली तर माणूस मागं फिरतो, असं आपण म्हणतो खरं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हौसराव घरी गेला, गोठ्यात बैलाची जुनी साखळी पडली होती ती काढली, पेटीचं कुलूप घेतलं आणि परत धक्क्यावर आला. होडीचं पुढचं टोक कडीला साखळीनं जखडलं, वीतभरसुद्धा ढील ठेवली नाही, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. मागचं टोक दोरानं नुसतं अडकवलं. मग टपरीवरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता मार म्हनावं गाठ."

त्या रात्री त्याला पंधरा दिवसांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

सकाळी सहाला फोन वाजला. पडद्यावर साहेबरावाचं नाव. हौसराव चूळ भरत होता, त्यानं वाजू दिला. पुन्हा वाजला.

"घ्या की फोन," तुळजाबाई म्हणाली.

"साकळी बघितली आसंल. बसलाय आता बोंबलत."

तिसऱ्यांदा वाजला, चौथ्यांदा वाजला. हौसरावानं फोन पालथा घातला आणि चहा मागितला. एरवी साडेसहाला तो धक्क्यावर असे. आज मुद्दाम दुसरा कप घेतला. साहेब अकराला यायचे होते, घाई कसली? पहिल्या फेरीच्या बाया थांबतील घटकाभर, पण त्या साहेबरावाला आज धक्क्यावर उभं राहून कळू दे, होडी कुणाची आहे ते. पायावर पाय टाकून त्यानं तो चहा इतका चवीनं प्यायला, की पुढे कितीतरी दिवस चहाचा कप बघितला की त्याला कसंतरी व्हायचं.

सातच्या सुमाराला गिताबाई पळत दारात आली. रोज पलीकडे खुरपायला जाणारी बाई, ओला पदर, धाप लागलेली. "आप्पा, किल्ली घिऊन चला! तुमची होडी उलटी लटाकलीया! सायेबरावदाजी पान्यात हुबं हायत, त्येंनी पिटाळलंय मला!"

हौसराव अनवाणी धावला. तुळजाबाई मागे.

धक्क्यावरून त्यानं खाली बघितलं. नदी रात्रीतून चांगली हातभर उतरली होती. होडीचं पुढचं टोक साखळीनं भिंतीला वर टांगलेलं, मागचं टोक पाण्यात गेलेलं. नव्या बसवलेल्या वरच्या फळ्या उन्हानं सुकलेल्या, त्यांच्या सांध्यांतून पाणी आत येत होतं आणि होडी अर्धी भरली होती. आणि मागच्या टोकाखाली, छातीभर पाण्यात, गाळात पाय रोवून साहेबराव उभा होता. दोर सोडून त्यानं होडीचं बूड खांद्यावर घेतलं होतं आणि एका हातानं डबड्यानं पाणी बाहेर टाकत होता. ओठ काळेनिळे, मान वाकडी झालेली. जरा खांदा काढला असता तर होडी भरून तळाला गेली असती, आणि तिच्या वजनानं पुढची फळी साखळीसकट उपटून निघाली असती. म्हणून तो हलला नव्हता. चार फोन केले होते ते पाण्यात उतरायच्या आधी पायरीवरून.

"किल्ली," साहेबराव म्हणाला.

किल्लीची गाठ हौसरावानंच रात्री घट्ट मारलेली, ती त्याला सुटेना.  शेवटी तुळजाबाईनं दातानं दोरा तोडला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. कुलूप उघडलं, साखळी सुटली, आणि होडीचं नाक धप्पदिशी पाण्यावर आलं. मग सगळ्यांनी मिळून पाणी उपसलं, गिताबाईनं घमेल्यानं, तुळजाबाईनं बादलीनं, माऊलीनंसुद्धा चहाच्या पातेल्यानं. फळ्या शाबूत होत्या. कडीपाशी एक चीर गेली होती ती डांबर आणि चिंधीनं बुजण्यासारखी होती. होडी वाचली होती.

साहेबराव पायऱ्या चढून वर आला. सगळं अंग थडथडत होतं. हौसराव पुढे झाला, खांद्यावरचा टॉवेल काढून पुढे धरला. "सायबा," एवढंच त्याच्या तोंडातून निघालं.

साहेबरावानं टॉवेल घेतला नाही. तो रागावलेला दिसत नव्हता, आणि तेच वाईट होतं. "काल राती जेवून आलो न्हाई," तो म्हणाला. "मन झालं न्हाई. पर पहाटं ऱ्हावलं न्हाई." मग म्हणाला, "हौश्या, पस्तीस वरसं माझ्या हाताखालनं गाड्या गेल्या. आत मानसं झोपलेली असायची, हजारानं. त्यातल्या एकानंबी खाली उतरून इचारलं न्हाई, की रूळ कुनाच्या लोकांनी वळिवला."

एवढं बोलून तो गेला. ओल्या कपड्यांनिशी, सायकल हातात धरून, चालत.

अकराला साहेब आले. होडीत बसून पलीकडे जाऊन आले, फळ्या ठोकून बघितल्या, चीर बघून "एवढी बुजवून घ्या" म्हणाले. साखळी मात्र त्यांनी उचलून बाजूला टाकली. "भिंतीला होडी साखळीनं बांधतात का, आप्पा? तुमच्यासारख्या जुन्या माणसानं?" मग अर्ज भरता भरता त्यांनी विचारलं, "धक्क्यावर रात्री देखरेख कुणाची असते?"

 त्या जागी माऊलीचं नाव सांगायचं, असं हौसरावानं आठवडाभर आधी ठरवलं होतं. आता तोंड उघडलं तेव्हा तो म्हणाला, "सायेबराव. रेल्वेतनं रिटायर हायत." साहेबांनी नाव लिहिलं, शिक्का मारला. परवानगी तीन वर्षांची मिळाली.

साहेब गेल्यावर माऊली हळूच जवळ आला. "आप्पा, त्यो सुमितचा अर्ज म्हनं सोलर पंपाचा हुता. गौतमीच्या रानासाटी." हौसरावानं त्याच्याकडे असं बघितलं, की माऊली दोन पावलं मागं सरला. पण माऊलीचा तरी काय दोष म्हणायचा? त्यानं तेल ओतलं असेल. आग काही त्याची नव्हती.

संध्याकाळी हौसराव बौद्धवाड्यात गेला. साहेबरावाच्या दारात तो पूर्वी शंभरदा जाऊन बसला होता, पण आज उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहिला. अंजना बाहेर आली. "ताप हाय भाऊजी. झोपल्यात," ती म्हणाली. या म्हणाली नाही आणि जाही म्हणाली नाही.

"परवानगी झाली, एवढं सांगा," हौसराव म्हणाला. "आन् राखनीला म्या त्येचंच नाव घातलंय. साहेबानं लिवून घेतलंय."

आतून खोकल्याचा आवाज आला, आणि मग साहेबरावाचा. "माझं नाव खोडून घे."

 त्याला सांगायचं होतं, की मी चुकलो. की गाठीवर संशय आला इथपर्यंत मी नावाडी होतो, पुढचं जे बोललो ते नावाड्याचं नव्हतं. हे सगळं त्याच्या मनात अगदी नीट जुळलं होतं.  पण तो परत फिरला.

साहेबरावाचा ताप पाच दिवसांनी उतरला. त्यानंतर तो होडीत बसला नाही. गौतमीकडे जायचं तर सुमितच्या मोटारसायकलवर, पुलावरून, तो सगळा वळसा घालून. शतपावलीला तो आता गावातल्या रस्त्यानं जायचा. धक्क्याकडे फिरकला नाही.

मधला रात्रीच्या लाइटीचा आठवडा गेला आणि पुढच्या सोमवारी लाइट पुन्हा दिवसाची झाली. संध्याकाळी हौसराव दोर हातात घेऊन धक्क्यावर उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा किती ढील ठेवायची ते त्याला कळेना. अलीकडचं वेळापत्रक पाठ होतं. पण नदी आता दोन्ही तीरांच्या मोटारींची झाली होती, आणि पलीकडच्या नेमक्या वेळा त्याला ठाऊक नव्हत्या. माऊली वरून बघत होता, त्यालाही ठाऊक नसणार त्या. हौसरावानं फोन काढला, साहेबरावाचं नाव शोधलं आणि लावला. उचलणार नाही याची त्याला खात्री होती. चार वेळा आपण कुठं उचलला होता?

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला. 

"सायबा," हौसराव म्हणाला, "पलीकडं लाइट कवा हाय?"

"रात्री धा ते सकाळी सा. हातभर उतरंल." आणि फोन बंद झाला.

त्यानं दीड हात ढील ठेवली. सकाळी होडी पाण्यावर नीट, भिंतीपासून चार बोटं लांब उभी होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो फोन करतो. पावसाळा लागेपर्यंत आता हे असंच चालायचं. साहेबराव रोज उचलतो, एकदाही चुकत नाही. वेळ सांगतो, पाणी किती उतरेल ते सांगतो आणि ठेवतो. त्याच्या पलीकडे एक अक्षर नाही. परवा हौसरावानं सगळी हिंमत गोळा करून, लाइटीचं विचारायच्या आधीच, घाईघाईनं म्हटलं, "सायबा, म्या लई वंगाळ बोललो रं त्या दिवशी."

 फोनमध्ये मागे कुठंतरी अंजना भांडी लावत होती, तो आवाज तेवढा येत होता.

"आज रात्री दोन्हीकडं लाइट न्हाई," साहेबराव म्हणाला. "ईतभर पुरंल." आणि फोन बंद झाला.

हौसरावानं फोन खिशात ठेवला, वाकला, आणि दोर वीतभर सोडून बांधला.